झाकण उचलायचं नाही

राहू द्या हो, बूट नाही काढले तरी चालेल — बरं, काढलेच आहेत तर त्या रबरी ताटात ठेवा, नाहीतर बर्फ वितळून सगळीकडे पाणी होतं — आणि ते भांडं द्या इकडे, जड आहे. अगबाई, केवढी बटणं याला! हे काय, घड्याळ? स्वतःच बंद होतं? मग तुम्ही काय करायचं? नाही, चांगलंच आहे, चांगलंच आहे, वाईट कुठं म्हणतेय मी. माझ्या स्लो कुकरला एकच खुंटी — बंद, मंद, मोठं. तो बघा, तिकडे, केशरी रंगाचा, वर तपकिरी फुलं. आमची मारिट पाळण्यात होती तेव्हा घेतलेला. त्या काळी सगळीकडे हीच फुलं असायची, पडद्यांवर, भांड्यांवर, माझ्या एका झग्यावरसुद्धा. झगा गेला, पडदे गेले, हा मरायला तयार नाही. त्यात पहाटेच लावून ठेवलंय एक सूप, म्हणजे दुपारपर्यंत कसं दिसतं ते तुम्हाला कळेल — टीव्हीवरच्या बायका करतात ना, आधीच केलेलं एक ओट्याखालून काढतात, तसं. आणि तुमचं आपण तुमच्या भांड्यात भरू, ते घरी नेऊन फ्रिजमध्ये ठेवा, रविवारी पहाटे लावा. कॉफी घेणार?

हो? बरं. बरं, देते.

नाही, हसले नाही मी. हसले, पण तुम्हाला नाही — बरं, तुम्हालाच, पण सांगते, रागावू नका. इथं पहिल्यांदा विचारलं की नको म्हणतात. दुसऱ्यांदा विचारलं की खरंच नको, आत्ताच झाली घरी. आणि तिसऱ्यांदा विचारलं की मग — बरं, अगदी थोडी. तुमच्या ॲरिझोनात नसेल असं, उन्हातली माणसं सरळ बोलत असतील. इथं मिनेसोटात तुम्ही पहिल्या झटक्यात हो म्हणालात की समोरच्याला वाटतं, बिचारी दोन दिवसांची उपाशी दिसते. आणि विचारणाऱ्यालाही तिसऱ्यांदा विचारावंच लागतं हं. एकदा-दोनदा काय, कोणीही विचारतं, रीत म्हणून. तिसऱ्यांदा विचारलं म्हणजे मनापासून. नाहीतर कळायचं कसं? आमच्या ओर्लिनचा चुलतभाऊ कॅलिफोर्नियात कोणाकडे तरी राहायला गेला होता — दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोटात नुसतं पाणी, कारण त्या लोकांनी एकदाच विचारलं, हा नको म्हणाला आणि त्यांनी ताट उचलून ठेवलं! अजून सांगतो तो. ही घ्या कॉफी. आणि वडी घ्या एखादी, शेंगदाण्याची, वर चॉकलेट आहे. नको? बरं, राहिलं. डबा इथंच आहे.

ओर्लिन तळ्यावर गेलाय. बर्फाला भोक पाडून बसलाय आपल्या खोपटात. मासे? मासे कसले, या आठवड्यात कोणालाच काही लागलेलं नाही, पण तुम्ही येणार म्हटल्यावर सकाळी मोजे शोधायला लागला. बायका घरात काही बोलणार असल्या की माझा नवरा बर्फावर जातो. वेंडलही तसाच. तुमच्या लक्षात आलंच असेल आत्तापर्यंत. बुधवारी फोन केला त्यानं मला — आधी हवा किती थंड आहे, मग रस्ता कुठं निसरडा आहे, मग ट्रकची बॅटरी. बॅटरीपर्यंत आला तेव्हाच मी खुर्ची ओढून बसले, म्हटलं, आता काहीतरी येतंय. शेवटी म्हणाला, रोशेलला तुमचं रविवारचं सूप शिकायचंय, ब्रिटाला आवडतं ना ते. मी म्हटलं, हो तर, शिकवते की, त्यात काय. आणि फोन ठेवला आणि ओर्लिनला म्हटलं, संपले बाबा आपले रविवार. — गमतीनं हो, गमतीनं. तसंच बोलतो आम्ही. पण खरंच ना, विचार करा — चर्च सुटलं की वेंडल आणि ब्रिटा इथं येतात, सूप पितात, मग घरी जातात, मारिट गेल्यापासून एकही रविवार चुकला नाही, त्या मोठ्या वादळातसुद्धा ट्रकला बर्फ सारायचा नांगर लावून आले होते. आता सूप तिकडेच होणार म्हटल्यावर माझी नात कशाला एवढा रस्ता तुडवत इकडे येईल? बरोबरच आहे. जूनमध्ये तुमचं लग्न, तुमचं घर, तुमचा रविवार. मी काही म्हणत नाही. हे मांस घ्या.

खांद्याचं आहे. खांद्याचंच घ्यायचं, महागातलं घेऊ नका, महागातलं मऊ मांस दिवसभर शिजलं की त्याचा भुसा होतो. हे कष्टाळू मांस, याला वेळ दिला तरच वळतं. दरवर्षी थंडी सुरू व्हायला लागली की आम्ही अर्धं जनावर घेतो पलीकडच्या शेतावरून, खाली तळघरात फ्रीझर भरलेला असतो. त्यातलं निम्मं मारिटकडे जायचं. मग वेंडलकडे जायला लागलं. आता — आता तुमच्याकडे येईल. तुम्ही माझ्या कोण लागता हो, तसं बघितलं तर? मी चर्चमधल्या बायकांना सांगत होते, माझ्या जावयाची — आणि अडलेच तिथं. जावयाची बायको होणार. आणि जावयाची बायको म्हणजे — असो. सुरी त्या खणात आहे, मोठी घ्या.

एवढे तुकडे करा. नाही, याहून मोठे. अक्रोडाएवढे नकोत, अंड्याएवढे. आठ तास शिजणार आहेत ते, आटतील. बरोबर. तुमचे हात चांगले चालतात. दात साफ करता ना तुम्ही दवाखान्यात — तरीच. मला एक सांगा, तुम्ही लोक त्या माणसाच्या तोंडात दोन्ही हात घालून त्याला विचारता, मग, सुट्टीत कुठं जाणार? तो बिचारा उत्तर कसं देणार? ओर्लिनला तर फार आवडतं ते, कोणीतरी विचारतंय आणि उत्तर द्यायची सोय नाही. आज तुमची पाळी आहे, तुम्ही ऐका.

आता हे तव्यावर. तेल तापू द्या — अजून — अजून — आता टाका. हलवू नका! तांबूस होऊ द्या एका बाजूनं, मग उलटा. पुष्कळ बायका हे करतच नाहीत, कच्चंच मांस भांड्यात टाकतात आणि मग म्हणतात, आर्डिस, तुझ्या सूपला रंग कसा येतो गं. असा येतो. आणि तव्याला जे चिकटून राहतं ना, ते फेकायचं नाही, त्यावर ही कॉफी ओता. हो, कॉफी. सकाळची उरलेली, काळी. घाबरू नका, कॉफीची चव लागत नाही, फक्त मांस जास्त मांसासारखं लागतं. हे माझ्या सासूचं. तिनं मला लग्नानंतर पुष्कळ वर्षं सांगितलं नव्हतं. मी तुम्हाला लग्नाआधीच सांगितलं, बघा.

बटाटे लाल सालीचे. तपकिरी घेतलेत तर संध्याकाळपर्यंत त्यांचा चिखल होईल. साल राहू द्या, चार तुकडे करा एकेकाचे. आणि आता ऐका, इथंच सगळे चुकतात — बटाटे खाली. मांस वर. वाटतं ना, मांसाला जास्त वेळ लागेल म्हणून मांस खाली? नाही. यात बटाटा जास्त हट्टी. तळाशी, कडेकडेनं, जिथं उष्णता असते तिथं बटाटे आणि गाजरं, मग कांदा, सेलरी, आणि वर मांस. हं. तमालपत्र दोन. मिरी. मीठ आत्ता थोडंच, बाकीचं शेवटी. आणि पाणी मांस बुडेल इतकंच, तळं करायचं नाही. तळी पुष्कळ आहेत इथं.

झालं. — झालं म्हणजे झालं! आता काय म्हणजे? आता काही नाही. आता झाकण लावायचं आणि घराबाहेर जायचं. हीच तर यातली युक्ती, हे भांडं असल्या लोकांसाठीच काढलंय, ज्यांना सकाळी चर्चला जायचं असतं नाहीतर गाई बघायच्या असतात. तुम्ही असून काही उपयोग नाही, नसलात तर उत्तम. फक्त एक — झाकण उचलायचं नाही. काही झालं तरी. एकदा उचललंत की आतली सगळी वाफ गेली, अर्धा तास वाढला. दोनदा उचललंत, एक तास. वास कितीही येऊ दे, लांबूनच घ्यायचा. एवढं पाळलंत की चर्चमधून आल्या आल्या सूप तयार. मी इतकी वर्षं — थांबा, चमचा देते तुम्हाला, या खणात — कुठं गेला —

मारिट, झाकण!

...

नाही. नाही, ठेवू नकोस. आता उचललंयस ना, राहू दे वर. बघ आत. मीच म्हटलं होतं दुपारपर्यंत कसं दिसतं ते दाखवीन म्हणून. मला तुझ्यावर ओरडायचं काही कारण नव्हतं. तोंडात बसलेलं आहे ते, दोन्ही शब्द एकत्रच बसलेत, वेगळे निघत नाहीत. चाळीस वर्षांची झाली तरी उचलायची गं. लहान होती तेव्हा चर्चला निघताना, कोट घालून, टोपी घालून, ओर्लिन बाहेर गाडीचा भोंगा वाजवतोय आणि ही इथं स्टुलावर चढून नाक भांड्यात. मी ओरडायची. चर्चहून आलो की पुन्हा, कोट काढायच्या आधी. लग्न झालं, ब्रिटा झाली, तरी तेच — दारातून आली की सरळ ओट्याकडे. आणि बटाटे कच्चे! कधी म्हणून वेळेवर शिजले नाहीत. मग काय, बसायचं. तासभर बसायचं. ओर्लिन भुकेनं कुरकुर करायचा, वेंडल पत्ते वाटायचा, मारिट पत्त्यांत लबाडी करायची — फार वाईट लबाडी, चेहऱ्यावर सगळं दिसायचं — आणि ब्रिटा टेबलाखाली पावाचे तुकडे खात बसायची. असं तासभर. मग सूप.

मग ती गेली, आणि पहिल्या रविवारी सूप वेळेवर झालं.

अगदी वेळेवर. ती दोघं दारात आली, बटाटा लोण्यासारखा. बसलो, वाढलं, खाल्लं. छान झालंय आई, वेंडल म्हणाला. आणि भांडी धुऊन ते निघाले तेव्हा घड्याळ बघितलं मी — पत्ते खणातून बाहेरसुद्धा आले नव्हते. एवढंच असतं का गं सूप? दहा-पंधरा मिनिटं?

म्हणून मग — हसशील तू. वेंडल म्हणालाच असेल तुला, आर्डिसचं भांडं जुनं झालंय, रविवारी फार वेळ लावतं. म्हणाला ना? भांड्याला काही झालेलं नाही. चर्चला निघताना ओर्लिन गाडी गरम करायला जातो ना, तेव्हा मी उचलते झाकण. कोट घालून. आणि उभी राहते. चष्म्यावर वाफ बसते, काही दिसत नाही. ओर्लिन भोंगा वाजवतो. मग ठेवते. मग अजून एकदा उचलते, पक्कं व्हावं म्हणून. शेवटी शेवटी, दवाखान्यातून घरी आणली होती तिला तेव्हा, तिला काही खाता यायचं नाही, पण हे भांडं मी तिच्या खोलीत नेऊन लावलं होतं, पलंगाशेजारच्या प्लगवर, आणि ती म्हणायची, आई, उचल ना. वास पुरतो मला. दिवसभर उचलत होते. ते सूप काही शिजलंच नाही.

ठेव आता. अर्धा तास वाढला, तुझ्यामुळे. असू दे. मला कुठं जायचंय.

डोळे पूस, तो रुमाल घे, नाही, तो भांड्यांचा आहे — बरं, तोच घे. मी तुला सूप शिकवायला बोलावलं आणि काय सांगत बसले. घरी जाऊन वेंडलला म्हणशील, म्हातारी बोलतच सुटते. म्हण, त्याला माहीत आहे. वडी घे एक. नको? अगं घे की.

काय? — रविवारी? तुमच्याकडे? छे छे. तुम्हाला कशाला त्रास. नवीन घर लावताय, सामान अजून खोक्यांत असेल. आणि ओर्लिनचं तुम्हाला माहीत नाही, जेवला की खुर्चीतच झोपतो, तोंड उघडं टाकून, दुसऱ्यांच्या घरी बरं दिसत नाही. नको. तुम्ही तिघं करा मजेत. पहिल्यांदा करताय, शांतपणे करा, मी डोक्यावर उभी कशाला? हे टॉवेल घ्या, भांडं यात गुंडाळू, म्हणजे गाडीत हिंदकळणार नाही. पुढच्या सीटसमोर खाली ठेवा, सीटवर नको. मी एकदा सीटवर ठेवलं होतं चर्चच्या जेवणासाठी, वळणावर सगळं सूप ओर्लिनच्या मांडीवर. गरम नव्हतं, पण तो अजून मांडीवर हात ठेवून बसतो गाडीत.

नाही गं, खरंच नको. खरंच. ब्रिटाला सांग, आजीनं पापा पाठवलाय. आम्ही काय, आम्ही दोघं — दुकानातल्या सूपचा डबा उघडू आपला एखादा. एवढ्या मोठ्या भांड्यात दोन माणसांचं सूप कुठं करायचं, तळालाच राहतं ते. मी ते भांडं तुलाच देणार होते खरं म्हणजे, ठरवलं होतं, पण तुझं बटणांचं आलंय आता. बरं.

बरं.

निघालीस? हो, निघ, ते आतलं मांस बाहेर राहायला नको फार वेळ. बूट घे. ते डावं उजवं बघून घाल, ओर्लिनचे पण तिथंच आहेत. टोपी? टोपी घालत नाहीस तू? बघते मी, ॲरिझोना किती दिवस टिकतं ते. ही वडी घेच गं आता. अगं, तिसऱ्यांदा विचारतेय!

— हं! बघ. अशी घ्यायची असते. शिकतेयस.

दुसरीही घे, ब्रिटाला. आणि हे बघ, बटाटे खाली. मीठ शेवटी. काही अडलं तर फोन कर, मी घरीच असते — म्हणजे रविवारी चर्चनंतर तर असतेच. सावकाश जा. पायरीवर बर्फ आहे, कठड्याला धर. आणि हरणं बघ रस्त्यात, मधेच आडवी येतात. इथं निघताना सगळे तेच म्हणतात, हरणं बघ. त्याचा अर्थ — अर्थ काही नाही. हरणं बघ.

गाडी सुरू झाली ना? झाली. बरं. हो, हो, बाय. बाय. जा, थंडी आहे —

थांब! अगं थांब, रोशेल! झाकण! झाकण ओट्यावरच राहिलं तुझं! झाकणाशिवाय काय शिजणार आहे, कपाळ? थांब, मीच येते — नको, माझ्या पायात नुसते मोजे आहेत — बरं, तूच ये. सावकाश! पायरी!

हे घे. काच आहे, टॉवेलात गुंडाळ. एवढी आठ-दहा बटणं असून झाकण विसरल्याचं नाही ना सांगत ते.

काय? ...

काय म्हणालीस? पुन्हा रविवारचंच?

... बरं. अगदी थोडा वेळ. येऊ आम्ही.

येऊ म्हटलं ना! ओर्लिनला आंघोळ घालून आणते, माशांचा वास येत असेल. पत्ते आहेत का तुमच्याकडे? नसतील तर मी आणते, आमचे जुने आहेत, त्यात चौकटची राणी नाही, पण चालतं. बाकी काय आणू? — काही नको? काही नको काय, वड्या तर आणणारच. आणि आधीच सांगून ठेवते, मी तुझ्या घरात आले की कोट काढायच्या आधी सरळ ओट्याकडे जाणार आणि झाकण उचलणार. तेव्हा ओरड माझ्यावर. चांगलं मोठ्यांदा ओरड. कोणीतरी ओरडायला हवं.

जा आता. दार उघडं आहे, सगळ्या मिनेसोटाला शेकायला बसवणार आहेस का? जा.